कोष्टकातील आकडा आणि टेकडीवरचा वारा



वसंत ऋतूतील ज्ञानसत्रात ग्रंथांविषयी बोलावयाचे म्हटले की, श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे काव्य, नाटक, कादंबरी, फार तर इतिहास येतो. यंत्रे बनविणाऱ्यांच्या आणि विमाने घडविणाऱ्यांच्या ग्रंथांविषयी कोणी बोलेल व ते ऐकावयास गावातील मंडळी जमतील, अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवीत नाही. घरातील मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊ लागली म्हणजे टेबलावर विटेएवढी जाड पुस्तके येऊन पडतात. आई त्यांच्यावरील धूळ झटकते, वडील किंमत पाहून सुस्कारा टाकतात, आणि घरातील इतरांचा त्या ग्रंथांशी असलेला संबंध तेथेच संपतो, असे आपण समजतो.

वस्तुतः तो तेथे संपत नाही. आपण आगगाडीत बसतो तेव्हा खाली फिरणाऱ्या चाकांच्या आसाची जाडी कोणी तरी एखाद्या ग्रंथातील कोष्टक पाहून ठरविलेली असते. विमानात बसतो तेव्हा पंखाचा बाक, पत्र्याची जाडी, खिडकीच्या कोपऱ्याची गोलाई या साऱ्यांच्या मागे कोणत्या तरी पानावरील एखादा आकडा उभा असतो. कादंबरीत चूक झाली तर टीकाकार रागावतात. या ग्रंथांत चूक झाली तर माणसे मरतात. म्हणून नव्या तांत्रिक ग्रंथाचे स्वागत कसे करावे, त्यावर विश्वास किती ठेवावा आणि संशय किती घ्यावा, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नाही. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाकडून घ्यावे असे आम्हांस वाटते.

प्रथम या ग्रंथांचे कुळ पाहू. कारखान्यातील ज्ञान पूर्वी उस्तादाच्या हातात असे आणि त्याच्याबरोबरच ते जाई. यंत्रयुग आले तसे हे चालेनासे झाले. बर्लिनमध्ये 'ह्यूटे' नावाच्या विद्यार्थी-मंडळाने १८५७ साली अभियंत्यांसाठी एक हातपुस्तक काढले. धातूंची बळे, सूत्रे, मापे असे रोज लागणारे ज्ञान त्यांनी एकत्र केले आणि ते पुस्तक त्या मंडळाच्याच नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. अमेरिकेत १९१४ साली 'मशिनरीज हँडबुक' निघाले. लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या पेटीत पान्हे आणि कानशी यांच्या शेजारी हे पुस्तक असे, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत. कोष्टक म्हणजे काय, तर दुसऱ्याने भोगलेल्या अनुभवाची साठवण. शंभर आट्यांचे बोल्ट तोडून पाहिल्यावर मिळणारे शहाणपण आपल्याला एका ओळीत मिळते. हा उपकार मोठा आहे. पण उसन्या अनुभवाला एक अट चिकटलेली असते. तो कोणत्या परिस्थितीत मिळाला हे ठाऊक असल्याखेरीज तो वापरू नये. ही अट विसरली की काय होते, याची सर्वांत बोलकी कथा विमानाच्या जन्मकाळातील आहे.

ओटो लिलिएन्थाल हे जर्मन इंजिनियर १८४८ साली जन्मले. बर्लिनमध्ये बाष्पित्रे आणि वाफेची यंत्रे करण्याचा त्यांचा कारखाना होता, म्हणजे व्यवसायाने ते यांत्रिक अभियंते. ध्यास मात्र पक्ष्यांचा. धाकटे बंधू गुस्ताव यांना बरोबर घेऊन त्यांनी गरगर फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला निरनिराळ्या बाकाचे पंख बांधले आणि वारा त्यांना किती उचलतो, किती मागे रेटतो याची वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. सपाट फळीपेक्षा किंचित बाक दिलेला पंख कितीतरी अधिक उचलतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. १८८९ साली 'उड्डाणकलेचा पाया म्हणून पक्ष्यांचे उड्डाण' अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांच्या मोजमापांचे एक कोष्टक हातपुस्तकांतून छापले गेले आणि जगातील उड्डाणवेड्यांच्या हाती पडले.

लिलिएन्थाल ग्रंथ लिहून थांबले नाहीत. वेत, विलो लाकूड आणि कापड यांचे पंख करून ते टेकडीवरून वाऱ्यावर झेपावत. सुमारे दोन हजार वेळा त्यांनी अशी झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी एका झोतात पंख उताणे झाले, ते खाली कोसळले, पाठीचा कणा मोडला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ज्याने कोष्टक केले तोच वाऱ्याने नेला. त्यामुळे त्या आकड्यांना हौतात्म्याची एक पवित्रता आली. आणि पवित्र झालेले आकडे तपासावयास कोणाचा हात सहसा धजत नाही.

ही बातमी अमेरिकेत डेटन गावी सायकलींचे दुकान चालविणाऱ्या दोन भावांनी वाचली. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेला नव्हता. पण वडील धर्मोपदेशक असल्याने घरात पुस्तके पुष्कळ होती आणि वाचनाची सवय लहानपणापासूनची होती. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस पत्र लिहिले. उड्डाणाविषयी संस्थेने जे काही छापले असेल ते पाठवावे आणि इतर ग्रंथांची यादी द्यावी, एवढीच मागणी होती. संस्थेने काही पुस्तिका पाठविल्या आणि ग्रंथ सुचविले. त्यांत ऑक्टेव्ह शान्यूट या स्थापत्य अभियंत्याने १८९४ साली लिहिलेला उडत्या यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास होता, आणि सॅम्युएल लँगली यांचा १८९१ चा वायुगतीच्या प्रयोगांवरील ग्रंथही होता. विमानाच्या इतिहासातील पहिले पाऊल हे असे ग्रंथ मागविण्याचे पाऊल आहे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

दोघा भावांनी ग्रंथ वाचले आणि त्यांतील आकड्यांवर विश्वास ठेवून ग्लायडर बांधले. १९०१ सालच्या उन्हाळ्यात अटलांटिक समुद्रकाठच्या किल डेव्हिल हिल्स या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी आपले नवे, मोठे ग्लायडर नेले. हिशेबाने ते जितके वजन उचलावयास हवे होते त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश ते उचलू लागले. हिशेब पुन्हा केला, चूक सापडेना. परतीच्या आगगाडीत विल्बरने, माणूस आपल्या हयातीत काही उडत नाही, अशा अर्थाचे निराशेचे उद्गार काढले.

अशा वेळी माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. ग्रंथ थोर, आपणच नालायक, असे म्हणून घरी बसावे. किंवा ग्रंथ खोटा, असे म्हणून तो फेकून द्यावा. राइट बंधूंनी तिसरी वाट धरली. ग्रंथातील कोणता आकडा कोठून आला आहे, हे शोधावयास ते बसले. आधी त्यांनी एका सायकलीच्या पुढे आडवे चाक बसवून त्यावर पंखाचे तुकडे लावले आणि सायकल जोराने हाकून पाहिले. मग दुकानात सहा फूट लांब आणि सोळा इंच चौरस अशी एक लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा बसविला आणि आतून वारा सोडला. यालाच शास्त्रीय परिभाषेत वातविवर म्हणतात. आतील तराजू त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलीच्या चाकांच्या तारा यांतून बनविले होते. १९०१ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्यांनी पत्र्याचे सुमारे दोनशे छोटे पंख या पेटीत तपासले.

दोष निघाला तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणे शिकण्यासारखी आहेत. वाऱ्याचा दाब काढण्याच्या सूत्रात एक गुणक होता. इंग्रज अभियंता जॉन स्मीटन याने पवनचक्क्यांवरील आपला निबंध १७५९ साली लिहिला, तेव्हापासून तो गुणक त्याच्या नावाने चालत आला होता. ताशी मैलात वेग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि ०.००५ ने गुणावे म्हणजे एका चौरस फुटावरील दाब पौंडांत मिळतो, असे सारे मानीत. ताशी वीस मैल वारा असेल तर दाब दोन पौंड. राइट बंधूंच्या मापात हा गुणक सुमारे ०.००३३ निघाला; म्हणजे दाब दोन पौंड नव्हे, सव्वा पौंडाहून थोडा जास्त. पवनचक्कीवाल्याच्या आकड्याने जवळजवळ दीडशे वर्षे उडणाऱ्यांना फसविले! आणि मौज अशी की, लँगली यांच्या ग्रंथात याच्या जवळपासचाच आकडा दहा वर्षांपूर्वी छापलेला होता. एकाच फळीवर चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा शेजारी शेजारी उभे होते. कोणता खरा हे ग्रंथ आपण होऊन सांगत नाहीत. तो निकाल वाऱ्याकडूनच घ्यावा लागतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म होता. लिलिएन्थाल यांचे कोष्टक खोटे आहे, असा राइट बंधूंचा आधी समज झाला होता. पेटीतील प्रयोगांनंतर त्यांना कळून चुकले की, कोष्टक बहुतांशी बरोबर आहे. परंतु ते लिलिएन्थाल यांच्या पंखाचे आहे. तो पंख रुंदीच्या सुमारे साडेसहा पट लांब आणि अधिक बाकाचा होता. राइट बंधूंचा १९०१ चा पंख रुंदीच्या तिपटीच्या आसपास लांब आणि चपटा होता. एकाच्या पंखाचे माप त्यांनी दुसऱ्याच्या पंखाला लावले होते. मृताला न्याय मिळाला तो त्याची पूजा केल्याने नव्हे. त्याचे आकडे पुन्हा मोजल्याने. आम्हांस या कथेतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. संशयाने सुरुवात केली, आणि शेवटी पूर्वसूरींविषयीचा आदर अधिक खरा होऊन हाती आला.

१९०२ चे ग्लायडर नव्या कोष्टकावर बांधले आणि ते हिशेबाबरहुकूम उडाले. विमानाच्या पंख्यासाठी काही शास्त्र मिळते का म्हणून ते जहाजांच्या पंख्यावरील पुस्तकांकडे वळले. तेथे ठोकताळ्यांपलीकडे त्यांना काही सापडले नाही. तेव्हा पंखा म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच, अशी कल्पना करून त्यांनी आपल्या कोष्टकावरून तोही स्वतः घडविला. १७ डिसेंबर १९०३ रोजी यंत्रासह पहिले उड्डाण बारा सेकंद आणि १२० फूट झाले. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंद आणि ८५२ फूट झाले.

त्यानंतरच्या वर्षी दुसरे एक पाऊल पडले, तेही एका यांत्रिक अभियंत्याचे. लुडविग प्रांटल हे तरुणपणी जर्मनीतील एका यंत्रकारखान्यात नोकरीला होते. लाकडाचा भुसा आणि छिलके हवेने शोषून नेणारी एक यंत्रणा सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. नळी हळूहळू रुंद केली की हवेचा दाब पुन्हा वाढावयास हवा, असे ग्रंथ सांगत; प्रत्यक्षात तो वाढेना, प्रवाह नळीच्या भिंतीपासून सुटून जाई. हे असे का, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी दहाएक मिनिटांचे व्याख्यान देऊन उत्तर सांगितले. पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात घर्षणाचे राज्य असते आणि प्रवाह सुटतो तो तेथूनच. हा जो सीमास्तर, त्यावरच विसाव्या शतकाचे विमानशास्त्र उभे राहिले. भुशाच्या नळीतून विमानाचा पंख कळला!

याच प्रांटलांच्या हाताखाली गटिंगेन येथे महाराष्ट्रात जन्मलेले विष्णू माधव घाटगे शिकले आणि १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मायदेशी आल्यावर बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांनी काम केले, तेथील विज्ञानसंस्थेत विमानविद्या शिकविली, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात गेले. हायडेलबर्गच्या त्या छोट्या व्याख्यानाचा धागा असा आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे.

अमेरिकेने १९१५ साली विमानविद्येसाठी 'नाका' ही राष्ट्रीय समिती नेमली. राइट बंधूंनी पेटीत जे केले तेच तिने प्रचंड प्रमाणावर केले. १९३३ च्या तिच्या एका अहवालात ७८ पंखाकृतींची मोजमापे एका ओळीने लावलेली आहेत. प्रत्येक आकृतीला चार अंकी नाव होते. २४१२ म्हटले की कळावे: बाक पंखाच्या रुंदीच्या शेकडा दोन, तो पुढून शेकडा चाळीस अंतरावर, आणि जाडी शेकडा बारा. पंखाचे नावच पंखाचे वर्णन झाले! पुढे अ‍ॅबट आणि फोन डेनहोफ या दोघांनी हे सारे भांडार १९४९ साली 'थिअरी ऑफ विंग सेक्शन्स' या ग्रंथात आणले. १९५९ साली त्याची स्वस्त कागदी बांधणीची आवृत्ती निघाली आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असे ते पुस्तक झाले. या ग्रंथाचे मोठेपण त्यातील सिद्धांतापेक्षा एका सवयीत आहे. माप कोणत्या वेगाला घेतले, पृष्ठभाग गुळगुळीत होता की खरखरीत, हे तेथे आलेखाबरोबरच सांगितलेले असते. उसन्या अनुभवाची अट तेथे अनुभवाशेजारीच छापलेली आहे.

इतके झाल्यावर आता ग्रंथ पुरे झाले, धोका संपला, असे वाटणे साहजिक होते. त्याला उत्तर मिळाले ते कॉमेट विमानाकडून. जेट यंत्रावर प्रवासी नेणारे हे पहिले विमान २ मे १९५२ रोजी इंग्लंडमधून नियमित सेवेत आले. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ रोजी, एक कॉमेट कलकत्त्याहून निघाल्यावर वादळात मोडून पडले. तेव्हा दोष वादळावर गेला. मग १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ दुसरे विमान स्वच्छ हवेत फुटले. ३५ माणसे गेली. सेवा थांबविली, सुधारणा केल्या, पुन्हा चालू केली. आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ समुद्रावर तिसरे गेले, त्यात २१ जण होते.

समुद्रतळातून तुकडे वर काढण्यात आले. फार्नबरो येथे एका विमानाचे अख्खे धड पाण्याच्या टाकीत ठेवून, आत पाण्याचा दाब पुनःपुन्हा चढवून-उतरवून जणू एकामागून एक उड्डाणे घडविली गेली. खरी आणि कृत्रिम मिळून सुमारे तीन हजार उड्डाणांनंतर धडाला एका झरोक्याच्या कोपऱ्यापासून चीर गेली. उंचीवर गेले की विमानाचे धड आतील दाबाने किंचित फुगते, खाली आले की आक्रसते. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण पुढे-मागे वाकवीत राहिले की तुटते. तसाच हा धातूचा शिणवटा.

आता ग्रंथांचा दोष किती? आगगाडीचे आस वर्षानुवर्षे फिरून कसे शिणतात, हे जर्मनीत व्होलर यांनी १८५८ ते १८७० च्या दरम्यानच्या आपल्या निबंधांतून दाखवून दिले होते. धारदार कोपऱ्यापाशी ताण कसा एकवटतो, याचे गणित इंग्लिस यांनी १९१३ मध्येच मांडले होते. ज्ञान कपाटात होते. कॉमेट बांधणारेही निष्काळजी नव्हते. त्यांनी विमानाच्या धडाचा नमुना दाबाच्या सोळा हजार फेऱ्यांपर्यंत तपासला होता. परंतु त्याच नमुन्यावर आधी दुप्पट दाबाची परीक्षा झालेली होती. त्या जादा दाबाने कोपऱ्यांवरील धातू किंचित ताणला जाऊन बसला आणि त्याचे आयुष्य आपोआप वाढले. प्रवाशांना नेणाऱ्या विमानांना हा लाभ मिळालेला नव्हता. म्हणजे पुन्हा तेच! एका पंखाचे माप दुसऱ्याला लावण्याची जी चूक १९०१ मध्ये दोन सायकलवाल्यांकडून झाली, तीच १९५४ मध्ये उत्तम प्रयोगशाळा हाताशी असलेल्यांकडून झाली. फरक एवढाच की, राइट बंधू वाळूवर पडले.

आपल्याकडेही ग्रंथाची अशी एक परीक्षा झालेली आहे, आणि तिची आठवण टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'वैमानिक शास्त्र' नावाचा एक संस्कृत ग्रंथ प्राचीन भारतीय विमानविद्येचा म्हणून सांगितला जातो. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो श्लोकांसह आणि आकृत्यांसह तपासला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हे ऐकून काहींना वाईट वाटते. आम्हांस मात्र त्या पाच जणांचा अभिमान वाटतो. परकीय ग्रंथ वाऱ्यावर तपासून घ्यावा आणि आपला म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ डोक्यावर घ्यावा, हा न्याय नव्हे. वाऱ्याला जात नाही, देश नाही.

आज यांत्रिक आणि विमान अभियंत्यांसाठी नवे ग्रंथ सतत निघत आहेत. हवेचा प्रवाह संगणकावर सोडवून पाहण्याचे, धाग्यांच्या आणि राळेच्या मिश्र द्रव्यांचे, धातूची भुकटी थरांवर थर वितळवून भाग घडविण्याचे असे त्यांचे विषय आहेत. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकविण्यास मान्यता दिली आणि मराठीतूनही पाठ्यपुस्तके येऊ लागली. हा आनंदाचा भाग आहे. पण मराठीत काय आणावयाचे, हा प्रश्न उरतो. केवळ सूत्रे आणि उत्तरे आणली तर आपण कोष्टक आणले, पेटी आणली नाही. आकडा कोणी मोजला, कशावर मोजला, तो कोठवर चालतो आणि कोठे थांबतो, हेही मराठीत यावयास हवे. संगणक तर कोष्टकाहूनही मोहक आहे. रंगीत चित्र दाखवून तो क्षणात उत्तर देतो, आणि कोणत्या गृहीतांवर ते दिले हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.

म्हणून घरातील मुलाने वा मुलीने नवे जाड पुस्तक आणले, तर किंमत पाहून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारा: यातील आकडे कोणी मोजले, आणि कशावर? उत्तर लगेच आले नाही तरी बिघडत नाही. डेटनच्या त्या दुकानातही ते लगेच आले नव्हते. पण घरातील जो विद्यार्थी हा प्रश्न स्वतःला विचारावयास शिकेल, त्याने बांधलेल्या पुलावरून जाताना आणि त्याने आखलेल्या विमानात बसताना आपणांस निश्चिंत मनाने डोळे मिटता येतील.